कोपऱ्यातला ऊस

काय सांगू तुम्हाला! माणसाने एक वेळ अडाणी असावं, पण अर्धवट शहाणं असू नये. अडाणी माणूस निदान विचारतो तरी. अर्धवट शहाणा काय करतो? दुसऱ्याला कारणे दाखवा नोटीस काढतो! मी काढली. कोणाला आणि कशापायी, ते ऐका. पण हातातला चहा आधी संपवा, नंतर ठसका लागेल.

मी मूळचा धुळ्याचा. चोपडा तालुक्यातल्या एका गावात पाणीवाटप संस्थेचा सचिव आहे. संस्था म्हणजे दोन खोल्या, दारात एक लिंबाचं झाड आणि एक कॉम्प्युटर. काम एकच. पाटाला पाणी सुटलं की कोणाच्या कोणत्या पिकाला कोणत्या वारी पाळी, याची सूचना टाइप करायची आणि बाहेरच्या फळ्यावर लावायची. सोपं वाटतं ना? एकदा या सूचनेत एका माणसाची पाळी शुक्रवारऐवजी शनिवारी छापली गेली, तर दोन सख्खे भाऊ पाटावर फावडी घेऊन उभे राहिले होते.

तर मध्यंतरी मी जळगावला दोन दिवसांचं कॉम्प्युटर प्रशिक्षण करून आलो. दोन दिवस! पण परत आलो ते असा, की जणू कॉम्प्युटरचा शोध मीच लावला होता. तिथे शिकवायला पहूरचे एक मास्तर होते. त्यांनी सांगितलं, लिनक्स नावाची गोष्ट फुकट मिळते आणि तिला व्हायरस लागत नाही. फुकट म्हटल्यावर आमचे चेअरमन आबा लगेच हो म्हणाले. मी मशीनवर लिनक्स चढवलं आणि गावात मिरवलं.

त्यात माझी एक जुनी मिजास. मी मराठी टाइपिंग शिकलेला माणूस. एम दाबला की स, टी दाबला की दीर्घ ऊकार, सगळं बोटांत बसलेलं. मी टाइप करताना स्क्रीनकडे बघत नाही! खिडकीतून लिंबाकडे बघतो. येणारेजाणारे थांबून बघत, आणि ते बघतात हे मी न बघता बघत असे.

पुढे महिन्याभराने पाटाला पाणी सुटलं आणि एका सकाळी अशीच लिंबाकडे बघत सूचना ठोकली, प्रिंट काढली आणि फळ्यावर लावली. अर्ध्या तासाने आमच्या सुमन अक्का आत आल्या. अक्का म्हणजे संस्थेच्या मदतनीस. झाडलोट, चहा, टपाल, सगळं बारा वर्षं त्याच बघतात. माहेर नशिराबादचं, जीभ गावठी आणि स्वभाव सरळ.

"भाऊ, फळावर हाई काय लिखेल शे? लोके हासी राह्यनात."

बाहेर जाऊन बघतो, तर 'सूचना' असं ठळक लिहिलंय समजून मी जे लावलं होतं ते होतं 'mt;ve'! खाली अख्खं पान तसलंच. केळी नाही, कापूस नाही, नुसती इंग्रजी अक्षरांची आणि अर्धविरामांची झुंबड. फळ्यासमोर दगा नाना उभे. नाना म्हणजे गावातले सगळ्यात मोठे ऊसवाले, आणि जिभेनेही तितकेच मोठे. म्हणाले, "सचिवभाऊ, हाई कोनता देशनं पानी सोडं तुमी?"

मी आत धावलो. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: us. म्हणजे कीबोर्ड अमेरिकेचा लागलेला. मी तो मराठी केला आणि सूचना पुन्हा काढली. संपलं म्हणता? कुठलं! दुपारी लाइट गेली आणि आली. मशीन चालू केलं, तर कोपऱ्यात पुन्हा us. मी मराठी केला. संध्याकाळी लाइट गेली, आली, पुन्हा us. आमच्याकडे लाइट दिवसातून किती वेळा जाते ते तुम्हाला काय सांगायचं? बॅटरीचा डबा तर कधीचाच मेलेला, त्यावर अक्का चहाचा ट्रे ठेवतात.

शेवटी मी अक्कांना बोलावून कोपरा दाखवला. "अक्का, इथे लक्ष ठेवा. ही दोन अक्षरं दिसली की मला हाक मारायची."

अक्कांनी वाकून पाहिलं. इंग्रजी अक्षरं त्यांना जोडून वाचता येतात. त्यांनी जोडली. "ऊस."

"ऊस नाही हो अक्का, यू आणि एस…"

"यू आनि एस म्हंजे ऊसच ना?"

दुसऱ्या दिवसापासून लाइट आली की मी लिंबाखाली आणि आतून आरोळी, "भाऊ, ऊस ऊना!" पुढेपुढे मीही तेच म्हणायला लागलो. ऊस आला, ऊस काढला, ऊस पुन्हा आला.

आणि इथेच माझ्या डोक्यात शंकेची पाल चुकचुकली. बघा हं, हिशेब कसा जुळतो. लाइट गेली की मी उकाड्याने बाहेर जातो. आत कोण राहतं? अक्का. लाइट आली की मशीन कोण चालू करतं? अक्का. माझा पासवर्डसुद्धा त्यांना ठाऊक, इंग्रजीत bhakri एवढाच. ऊस सगळ्यात आधी कोणाला दिसतो? अक्कांना! मग तो लावतं कोण?

मी सापळा लावला. लाइट जाताच भाषा बदलायच्या, कीबोर्डच्या कोपऱ्यातल्या बटणांवर चिमूटभर ज्वारीचं पीठ भुरभुरलं आणि अक्कांना म्हटलं, "आज मशीन मी चालू करतो." लाइट आली. पीठ जसंच्या तसं! आणि स्क्रीनवर ऊस!

शहाण्या माणसाने काय समजावं? की कोणाचा हात लागलेला नाही. मी काय समजलो? की अक्का फार तरबेज आहेत.

झालं. त्याच दुपारी मी हाताने कारणे दाखवा नोटीस लिहिली. 'संस्थेच्या यंत्रात वारंवार ढवळाढवळ केल्याबद्दल आपणास कामावरून का कमी करू नये?' एक प्रत आबांच्या टेबलावर ठेवली आणि दुसरी अक्कांच्या हातात दिली. त्यांनी ती सावकाश वाचली. पदराने डोळे पुसले आणि चहा टाकायला गेल्या. मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वाईट वाटण्यापेक्षा राग मोठा होता. कारण चहा येईपर्यंत लाइट जाऊन आली आणि कोपऱ्यात पुन्हा ऊस!

मी ओरडलो. चांगला तारस्वरात ओरडलो. "बस झालं! आजपासून ऊस बंद म्हणजे बंद! पुन्हा ऊस लावलेला दिसला तर एकेकाला बघून घेईन!"

ओट्यावर दोन सभासद बिड्या ओढत बसले होते. ते उठले आणि घाईघाईने गावाकडे गेले. मला वाटलं, बिड्या संपल्या असतील.

सकाळी येऊन बघतो तर लिंबाखाली पन्नास माणूस! पुढे दगा नाना, डोक्याला उपरणं, हातात काठी.

"भाऊ, ऊसनी तुमनं काय घोडं मारं? ऊसनं पानी बंद कसाले?"

"कोण म्हणालं?"

"तुमी म्हने! बठ्ठा गावले माहीत शे! ऊस दिसना तं एकेकले देखी लेसू, असं बोलनात!"

"अहो नाना, तो ऊस वेगळा! तो कॉम्प्युटरातला ऊस!"

पन्नास माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मागून कोणीतरी म्हणालं, "आते कॉम्प्युटरमा बी ऊस लागस का? त्याले पानी कोन देस?"

तेवढ्यात आबा आले. त्यांची स्वतःची केळी, त्यामुळे ऊसवाल्यांचा संशय त्यांच्यावरही. आबांनी मला बाजूला घेतलं नाही, सगळ्यांसमोरच विचारलं, "सचिवभाऊ, पाळीची सूचना आता इथे सगळ्यांपुढे टाइप करा. त्यात ऊस लिहा. विषय मिटवा."

मी खुर्चीत बसलो, खिडकीतून लिंबाकडे… नाही, लिंबाखाली सगळे उभे होते, त्यामुळे जिद्दीने छताकडे बघत टाइप केलं. नाना पाठीमागून स्क्रीनवर वाकले. "mt;ve," त्यांनी एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. "परत तोच देश!"

माझा तोल गेला. मी उठून बोट दाखवलं. "ह्या अक्का! ह्याच रोज सेटिंग बदलतात! म्हणून मी ह्यांना नोटीस दिली!"

अक्का दारात उभ्या होत्या. त्या मागे सरल्या नाहीत. "भाऊ, बारा वरीस झायात. मी त्या डबाले फडकं मारस, चालू करस, बस. देवनी आन."

आबा म्हणाले, "सचिवभाऊ, बाईच्या पोटावर पाय देताय. सिद्ध करा. आत्ता."

आत्ता! मी लगेच पहूरच्या मास्तरांना फोन लावला आणि ऐटीत स्पीकर चालू केला. सगळ्या गावाला कळू दे ना, सचिव काय चीज आहे!

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "भाऊ, कोणी रोज हाताने बदलत असेल असं वाटत नाही. मशीन सुरू होताना त्याला कोणीतरी हुकूम देऊन ठेवलाय. सुरुवातीला जी फाइल चालते ती उघडा." कुठली फाइल ते त्यांनी सांगितलं. मी उघडली. आत खरंच एक ओळ होती, शेवटी us.

"सापडली!" मी ओरडलो. "ऐका सगळे! कोणा गाढवाने इथे लिहून ठेवलंय, की मशीन चालू झालं की आधी अमेरिकेचा कीबोर्ड लाव! ज्याने हे लिहिलं त्याला अक्कल नाही, आणि त्याला नोकरीवर ठेवणाऱ्यालाही नाही!"

आबांनी घसा खाकरला. फोनमधून मास्तर म्हणाले, "त्या ओळीच्या वर काही टीप लिहिली असेल, तीही वाचा."

होती. इंग्रजी अक्षरांत मराठी टीप होती. मी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "पासवर्डसाठी. ही ओळ कोणीही काढू नये. काढल्यास कडक कारवाई होईल. हुकुमावरून…"

आणि थांबलो.

"फुढे?" नानांनी विचारलं.

पुढे होतं, 'सचिव (स्वतः)'.

आठवलं हो, सगळं आठवलं! लिनक्स चढवलं त्या आठवड्यात कीबोर्ड कायमचा मराठी करून ठेवला होता. मग मशीन उघडताना bhakri लिहिलं तरी आत ठिपक्यांखाली मराठीच उमटायचं आणि पासवर्ड चुकायचा. तीन दिवस मी बाहेर आणि सूचना आत. शेवटी मोबाइलवर एक व्हिडिओ बघून ती ओळ टाकली होती. वर ही धमकी लिहिली, आणि साफ विसरून गेलो. अक्षर न् अक्षर माझं!

मला पुढचं वाचायची गरजच पडली नाही. नाना वाकले, कंसातलं त्यांनी स्वतः जोडून वाचलं, आणि काठी जमिनीवर आपटून म्हणाले, "आरे भाऊ, हाऊ ऊस तं तुमीच लायेल शे!"

लिंबाखालची पन्नास माणसं अशी हसली, की पाटावरचे बगळे उडाले. आबांनी टेबलावरची नोटीस उचलली, अक्कांचं नाव खोडलं, माझं घातलं आणि माझ्याच हातात दिली. मी अक्कांची सगळ्यांसमोर माफी मागितली. मनापासून मागितली. अक्का म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ, चहा घ्या." त्या चहात साखर नव्हती. मी मुकाट्याने प्यालो.

आता तुम्ही म्हणाल, झालं ना बाबा, गप्प बस. पण अर्धवट शहाणपण असं सहज जातं का? सगळ्यांसमोर मी ती ओळ झटक्यात पुसली. "घ्या! ऊस मुळासकट उपटला! आता कीबोर्ड कायमचा मराठी!"

आणि लाइट गेली. आली. मशीन चालू झालं, पासवर्ड मागितला. मी छताकडे बघत bhakri ठोकलं. चुकीचा. पुन्हा ठोकलं. चुकीचा. पन्नास माणसं खिडकीबाहेर श्वास रोखून उभी, सूचना आत, आणि मी बाहेर.

अक्का दारातून हळूच म्हणाल्या, "भाऊ, आते ऊस लाऊ का?"