लाल घरासाठी लिहिलेला अर्ज

फिलोमिना, राहणार पाचूबंदर, वसई, हिच्यावर अन्याय झाला तो सोमवारी, २६ एप्रिल १९९९ रोजी. त्या दिवशी दिल्लीत लोकसभा विसर्जित झाली आणि लोकसभेच्या याचिका समितीपुढे पडून असलेला तिचा अर्ज आपोआप रद्द झाला. कुणी तो फेटाळला नाही. कुणी वाचून नाही म्हटलं नाही. सभागृह संपलं, अर्ज संपला… एरवी मी एवढंच लिहून खाली मागण्या टाकल्या असत्या आणि पत्रक छापायला दिलं असतं. पण फिलूमावशी जाऊन आता पाच आठवडे झाले, आणि पत्रक लिहायला बसले की हात चालत नाही.

तिच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी काम करते त्या संघटनेच्या खोलीत पत्रकांच्या घड्या घालत होते. तो म्हणाला, "आई गेली. दुपारी जेवून पडली ती उठलीच नाय." मी बरं म्हणाले. मग उरलेल्या सगळ्या घड्या घातल्या, गठ्ठ्याला दोरी बांधली आणि निघाले. रडू तेव्हाही आलं नाही, अजूनही येत नाही.

मावशीचा नवरा, आगुस्तीन, पंचाण्णव सालच्या ऑक्टोबरात दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि परत आला नाही. बोटीची एक फळी तेवढी अर्नाळ्याच्या किनाऱ्याला लागली. त्याची स्वतःची लहान होडी पाचूबंदरच्या वाळूत उपडी पडली होती. ती त्याच्या नावावर. नाव बदलायला मृत्यूचा दाखला हवा आणि दाखल्याला मयत हवं. कचेरीतल्या माणसाने तिला विचारलं होतं, "बॉडी आहे का?" नाही म्हटल्यावर त्याने सांगितलं, सात वर्षं थांबा. कायदाच तसा आहे. सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं धरायचं, त्याआधी नाही. समुद्रात बुडालेला आणि घर सोडून पळालेला, दोघे कायद्याला सारखेच. "म्हंजे माझा नवरा पलून गेलाय," मावशी म्हणायची आणि हसायची. तिच्या मुलाने होडी सोडून सातिवलीत प्लास्टिकच्या कारखान्यात पाळी धरली. होडी वाळूत फुटत गेली.

मी वसई पूर्वेच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. पाचूबंदरला पहिल्यांदा गेले ती पत्रकं वाटायला. मावशीला वाचता येत नव्हतं. तिने पत्रक घेतलं, उलटं-सुलटं पाहिलं आणि त्यावर सुके बोंबील ठेवून मला म्हणाली, बस. अकरा वाजत आले होते. मासळीच्या लिलावावरून आली की ती टीव्ही लावायची आणि संसदेतला प्रश्नोत्तराचा तास बघायची. एक आठवडा लोकसभा, एक आठवडा राज्यसभा. शब्द अर्धे कळायचे नाहीत, पण सतरंजीच्या रंगावरून ती सभागृह ओळखायची. लोकसभा म्हणजे हिरवं घर, राज्यसभा म्हणजे लाल घर. कोण रोज येतो, कोण झोपतो, कोणाला मंत्री उत्तरच देत नाही, सगळं तिला ठाऊक. हा सात वर्षांचा कायदा तिथेच बदलतो, कचेरीत नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग तिथेच अर्ज घाल.

अर्ज कसा जातो ते मी शोधून काढलं. ठरलेला नमुना, सोबत हिंदी भाषांतर, खाली सह्या किंवा अंगठे, आणि ज्या सभागृहाकडे जायचं तिथल्या सदस्याची सही. मग तो सदस्य सभागृहात उभा राहून एका वाक्यात अर्ज सादर करतो आणि अर्ज समितीकडे जातो. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कायदा कुठलं घर करतं? मी म्हणाले, दोन्ही. एकाने मंजूर केला तरी दुसऱ्याकडे जावाच लागतो.

"मग लाल घरात घाल," ती म्हणाली.

मी तिला समजावलं. राज्यसभेत लोकांनी थेट निवडून दिलेलं कुणी नाही, आमदार मतं देतात, पक्ष आपली माणसं मागच्या दाराने बसवतात. आपली जागा लोकसभा. तिने बोट पुढे केलं. दोन वर्षांत दोनदा मतदानाची शाई लागली होती त्याला.

"पोरी, हिरवं घर सारखं मोडतंय. लाल मोडत नाय. तिथं थोडी थोडी मानसं बदलतात." मग तिने होडीचं सांगितलं. पाचूबंदरला नव्या मोसमाला सगळे खलाशी एकदम बदलत नाहीत. तिघांतला एक उतरवतात, दोन जुने ठेवतात. "सगले नवे घेतले तर पान्याखाली खडक कुठे ते कोनाला म्हाईत? दोन्ही घरांना इचारायचंच हाय ना, मग जे उभं राहनार त्याच्यापासनं सुरू कर."

राज्यसभेचे एक-तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, ती कधीच विसर्जित होत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरी ऐकलं नाही. मला तत्त्व सांभाळायचं होतं. अर्ज लोकसभेकडे गेला, सादर झाला. ते एक वाक्य ऐकायला मिळेल म्हणून ती कितीतरी दिवस टीव्हीपुढे बसली, पण ते टीव्हीवर दिसलं नाही. मग एप्रिलात एका मताने सरकार पडलं. ते मात्र तिने पाहिलं. मी गेले तर म्हणाली, "गेला ना अर्ज?" चूक कुणाची ते ती बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर आम्ही राज्यसभेसाठी नवा अर्ज लिहिला. मावशीने शाईचं पॅड विकत घेतलं आणि माशांच्या टोपलीत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते घेऊन हिंडली. पाचूबंदर, मग अर्नाळा. नवरे न परतलेल्या बारा बायका तिने जमवल्या. एकीच्या सासूने दारातच हटकलं, मेला नाय तो, अंगठा कशाला. मावशी तिथे तासभर बसली, सासूसोबत चहा प्यायली आणि दोघींचे अंगठे घेऊन आली. पॅड सुकू नये म्हणून दर रविवारी चर्चमधल्या मिसाहून आली की त्यात शाईचे चार थेंब घालायची. पहिल्या ओळीवर अंगठा तिचा. राज्यसभेच्या एका सदस्याने पुढल्या महिन्यात सही करायचं कबूल केलं, आणि मावशी गेली.

तिचा दाखला चार दिवसांत मिळाला. आगुस्तीनच्या सात वर्षांना अजून सव्वा वर्ष आहे. त्या दाखल्यावर नवऱ्याच्या नावामागे कैलासवासी किंवा तसलं काही लिहिलेलं नाही. कागदावर ती नवरा जिवंत असताना मेली.

वकील म्हणतात, मयत व्यक्तीचा अंगठा पहिला ठेवू नका, अर्ज नव्याने लिहा. लिहिला. बारा बायकांनी आणि त्या सासूने पुन्हा अंगठे दिले. पहिली ओळ मी रिकामी ठेवली आहे. पॅड मावशीच्या टीव्हीवर, तिने ठेवलं होतं तिथेच, त्याच पिशवीत आहे. गेले पाच रविवार मी त्यात शाई घालते आहे.

तुम्ही घरात बसून हे वाचता आहात. हळहळू नका, मला पत्र लिहू नका. येत्या रविवारी सकाळी दहाला पाचूबंदरच्या धक्क्यावर या, मी अर्ज घेऊन उभी असेन. जो आधी येईल, पहिली ओळ त्याची. पूर्ण नाव आणि पत्ता लिहा. सही येत असेल तर पेन आणा. येत नसेल तर पॅड ओलं आहे.