झाईचा झ

नवशीला हसू आवरत नसे, आणि ती काम शिकत होती तिथं टेबलावर सदानकदा कुणाचं ना कुणाचं तोंड उघडं पडलेलं असे. आता याला कोण काय करणार?

डहाणू स्टेशनजवळ औषधाच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, तीच प्रल्हादकाकांची दातांची लॅब. डॉक्टर लोक रोग्याच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे. त्या मापात प्लॅस्टर ओतलं की हिरड्यांचा पांढरा साचा निघे, आणि त्यावर कवळी नाहीतर दाताची कॅप बनवायची. फळीवर असे पन्नास-साठ साचे ओळीनं मांडलेले. कुणी रुसलेला, कुणी जांभई देणारा, कुणी आत्ताच शेजारणीशी भांडून आलेला. पहिल्याच दिवशी त्यातला एक साचा नवशीला हुबेहूब आपल्या गावच्या, झरीच्या मास्तरांसारखा वाटला. ती जी फुटली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं, हातातलं प्लॅस्टर वाडग्यातच दगड झालं.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "पोरी, इथं दात काढायचे नाहीत. दात लावायचे."

हे ऐकून ती आणखीच हसली.

त्याआधी सहा वर्षं ती घोलवडला चिकूच्या वाडीवर पॅकिंगमध्ये होती. फळ तळहातावर आलं की बोटं आपोआप ठरवत, हे एक नंबर, हे दोन नंबर, ही अगदी बारकी गोळी. बोलता बोलता, गाणं म्हणता म्हणता पेट्या भरायच्या, आणि पेटीत एक फळ इकडचं तिकडं नाही. त्या वाडीचे मालक दाताच्या डॉक्टर पूर्वीबेन यांचे वडील. पूर्वीबेन एकदा वाडीवर आल्या असताना तिचे हात बघतच राहिल्या. "काका, हिच्या बोटांत माप आहे," असं प्रल्हादकाकांना फोनवर सांगून त्यांनीच तिला लॅबमध्ये पाठवलं. झरीत मात्र कुणाचा विश्वास बसेना. आई, धोंडीबाय, म्हणाली, "दात कुणाचे गं ते? मेलेल्यांचे असले तर घरात आणायचे नाहीत, सांगून ठेवते."

"आई, फॅक्टरीतले आहेत. कार्डावर चिकटवून येतात, टिकल्यांसारखे."

"मग ठीक," धोंडीबाय म्हणाली. तरी रोज संध्याकाळी लेकीची पिशवी ती एकदा झटकून बघायचीच.

चार महिने नवशीनं प्लॅस्टर ओतलं, घासलं, धुतलं. मग एके दिवशी काकांनी तिला सरावासाठी मेणाचा कठडा आणि दातांची चार कार्डं दिली. कार्डावर दात जसे असतात तसे क्रमानं काढायचे आणि मेणात रोवायचे, एवढंच. नवशीनं तासभर जीव ओतून काम केलं आणि मोठ्या अभिमानानं साचा पुढं ठेवला.

काकांनी तो उजेडात धरला. समोर सहा दात, सहाही सारखे, रुंद, टपोरे. चारही कार्डांतले समोरचे मोठे दात वेचून तिनं एकाच तोंडात बसवले होते.

"यांच्या शेजारचे लहान दात कुठं गेले?"

"ते दोन नंबरचे होते काका. बाजूला काढले."

काकांनी कपाळाला हात लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. वीस वर्षांत लॅबमध्ये कुणी काकांना हसताना पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी औषधाच्या दुकानदारानं खालून ऐकलं. "अगं, हे तोंड आहे की पेटी? देवानं दातांत ग्रेडिंग केलेलं नाही. लहान शेजारी बसला तर मोठा शोभतो."

लॅबच्या कोपऱ्यात फडक्याखाली नवा कॉम्प्युटर होता. साच्याचा फोटो त्यात घेतला की पडद्यावर दात गोल गोल फिरायचा. त्याला कुठं उंचवटा हवा, कुठं खळगा हवा, ते माउस हलवून ठरवायचं. चिकू सोलावा तसा अलगद दात घडताना बघून नवशीची नजर हलत नसे. काकांचा नियम सरळ होता. त्याच्यापुढच्या खुर्चीवर बसायचं तर आधी पूर्ण कवळी एकटीनं करून दाखवायची. मेणाच्या चाचणीत एकदा चुकली तर माफ. दुसऱ्यांदा कवळी परत आली तर आणखी एक वर्ष प्लॅस्टर, आणि त्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी.

आणि तिच्या वाट्याला पहिलंच तोंड आलं ते लाहूमामांचं.

लाहूमामा म्हणजे स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षांच्या रांगेचा आवाज. तीस वर्षं गाडी आली की ते "झाई, झाई, झाई! बोर्डी, घोलवड, झाई!" अशी हाक द्यायचे, की पुलावरचा माणूस पायरी चुकायचा. पण दात एकेक करून गेले, उरलेले चार पूर्वीबेननी काढले, आणि झाईतला झ त्यांच्याबरोबर गेला. हाक राहिली ती अशी: "आई, आई, आई! बोर्डी, घोयवड, आई!"

एक बाई पाण्याची बाटली घेऊन धावत आली. "काय झालं बाबा? कुठं दुखतंय?" झाई गावाला जाणारे मात्र उभेच राहिले. शेवटी उमेश नावाचा रिक्षावाला हाक मारू लागला. त्याचा आवाज असा, की जणू वर्गात हजेरी देतोय. लाहूमामा बाकावर बसून ऐकायचे आणि तोंड फिरवायचे.

चाचणीच्या दिवशी ते पूर्वीबेनच्या दवाखान्यात आले ते निम्मा स्टँड बरोबर घेऊनच. रिक्षा रस्त्याच्या कडेला, जिथं लावायच्या नाहीत तिथंच लावलेल्या. मेणात बसवलेले दात तोंडात गेले. काकांनी स ऐकायची आपली ठरलेली परीक्षा घेतली. "एकसष्टपासून म्हणा."

"एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट…" मामा शाळेतल्यासारखे हळू म्हणत गेले. सहासष्ट स्वच्छ, सदुसष्ट स्वच्छ. नवशीच्या जिवात जीव आला. पूर्वीबेन म्हणाल्या, "सरस!"

"बाई," मामा म्हणाले, "सदुसष्ट मी आयुष्यात कुणाला ओरडून सांगितलं नाही. कामाचं बोलून बघू का?"

त्यांनी छाती भरून घेतली आणि जोरात हाक सोडली. झाई कुठली? फुर्रर्र अशी शिट्टी वाजली, थेट ट्रॅफिक हवालदाराची. बाहेर एकच पळापळ! तीन रिक्षा चालू होऊन बाजाराकडे पसार झाल्या. एकीत नुकताच पाय ठेवलेला माणूस "अरे माझी पिशवी!" करत मागं धावला. उमेशनं दारातून डोकं आत घातलं. "गेला का साहेब?"

"साहेब माझ्या तोंडात आहे," लाहूमामा म्हणाले.

नवशी हसत हसत खाली बसली. मग तिचं लक्ष काकांकडे गेलं. ते हसत नव्हते. त्यांनी एक बोट वर केलं.

"एकदा झालं."

घरी जाताना तलासरीपासून जीपमध्ये ती खिडकीशी बसून पुटपुटत होती, "झरी, झरी, झाई, झरी." जीभ नेमकी कुठं टेकते? बाजूंना टेकते की मध्ये? मध्ये वाट किती राहते? ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. "माहीत आहे ताई, झरीलाच चाललोय. उतरवल्याशिवाय राहणार नाही."

घरी धोंडीबायनं झाडाचे चिकू सुपात काढून ठेवले होते. नवशीनं एक उचलला आणि अंगठ्याकडे बघत राहिली. कच्च्या चिकूवर तपकिरी भुकटी असते. बोट लागलं की तेवढ्यापुरती पुसली जाते. पॅकिंगमध्ये कुठल्या फळाला कुणी हात लावला ते या खुणांवरूनच तर कळायचं! ती उठली आणि पिठाच्या डब्याकडे धावली.

"काय गं, आता चिकूलाही दात लावतेस का?"

"नाही आई. दातांना चिकू करते!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिनं कागदाची पुडी सोडली. तांदळाचं पीठ. मेणाच्या कवळीचा टाळूचा भाग ओला करून तिनं त्यावर पिठाचा पातळ थर भुरभुरला.

लाहूमामांनी डोळे वटारले. "तोंडात भाकरी थापतेस काय गं?"

"मामा, गिळू नका. एकदाच झाई म्हणायचं आणि आ करायचं."

मामांनी म्हटलं, आ केला. पूर्वीबेननी कवळी अलगद बाहेर काढली आणि तिघं तिच्यावर वाकली. जीभ जिथं लागली तिथलं पीठ गेलं होतं. दोन्ही बाजूंनी पुसून गेलेलं, आणि मधोमध पिठाची रेघ राहिलेली, मुंग्यांच्या वाटेएवढी बारीक. सारा वारा बिचारा तेवढ्या बोळातून निघत होता. शिट्टी वाजणार नाही तर काय होईल?

नवशीला आपली चूक तिथंच दिसली. बाजूचे दात तिनं पेटीतल्यासारखे दाटीवाटीनं आत सारले होते, एक ओळ दिसावी म्हणून. जिभेला जागाच उरली नव्हती. तिनं सुरी स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. दोन्हीकडचे दात केसभर बाहेर नेले, खालचे त्यांना जुळवून घेतले, टाळूवरचं मेण खरवडलं. काका शेजारी हात मागं बांधून उभे. एकदा त्यांचा हात पुढं आला, पण त्यांनीच तो परत मागं नेला. पुन्हा पीठ, पुन्हा झाई. या वेळी वाट बोटाएवढी रुंद होती.

"आता ओरडून बघू?" मामांनी विचारलं.

"मेणाच्या दातांनी पुन्हा ओरडायचं नाही," पूर्वीबेन म्हणाल्या, "आणि माझ्या दवाखान्यात तर नाहीच नाही. पक्की करा. हाक स्टँडवरच मारा."

पक्की करायची म्हणजे मेण वितळवून त्या जागी गुलाबी हिरडी भरायची. मग दात हलत नाहीत. बरोबर असले तर बरोबर, नाहीतर प्लॅस्टरचं वाडगं आहेच. चार दिवस नवशीला जेवण गोड लागलं नाही. हसूही येईना. फळीवरच्या मास्तरांकडे तिनं मुद्दाम बघून पाहिलं, तरी नाही.

पाचव्या दिवशी दुपारी कवळी मामांच्या तोंडात बसली आणि सगळी वरात स्टँडवर आली. वलसाडहून येणारी गाडी लागली. माणसं जिन्यावरून उतरू लागली. लाहूमामा बाकावर चढले. नवशीनं काकांच्या शर्टाची बाही धरली होती, ते तिला कळलंही नव्हतं.

"झाई!"

 आणि मग धबधबा सुटला. "झाई, झाई, झाई! बोर्डी, घोलवड, झाई!" झ असा, की जणू माशी कानाशी घोंगावतेय. पुलावर एक म्हातारा हातातल्या पिशवीसकट थबकला आणि ओरडला, "अरे लाहू, आलास का परत?"

उमेशनं हात जोडले. "सुटलो बाबा!"

काका खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता. "उद्या नऊला ये," ते म्हणाले. "कॉम्प्युटरवरचं फडकं काढून ठेव. आणि हो, पीठ घेऊन ये. तेवढी पुडी आता लॅबमध्येच राहू दे."

नवशीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि चार दिवसांचं साठलेलं हसू एकदम बाहेर पडलं. ती हसतेय म्हणून उमेश हसला, उमेश हसतोय म्हणून रांग हसली. बाकावरून मामांनी ते पाहिलं. त्यांनाही काय वाटलं कोण जाणे, नवा झ वाया कशाला घालवायचा म्हणून त्यांनी तो आणखी एका गावावर खर्च केला.

"झरी, झरी, झरी! चला, झरी!"

"मामा!" उमेश ओरडला. "झरी तलासरीकडं! आपल्या रूटवर झरी कुठाय?"

"रूटवर नसंल. तोंडात बसली ना!"

तेवढ्यात दोन बायका बोचकी घेऊन उमेशच्या रिक्षात बसल्यासुद्धा. "थेट झरी ना रे, दादा? बरं झालं बाई, तलासरीला उतरायचा त्रास वाचला."

उमेशनं मामांकडे बघितलं, बायकांकडे बघितलं, मग आभाळाकडे बघितलं. मग त्यानं मुकाट्यानं सीट झटकली.

"चल गं नवशे," तो म्हणाला, "तिसरी सीट तुझी. घर तुझं, दात तुझे, वाटही तूच दाखव."