चुलीवरचा कोरा अर्ज

मुरबाडच्या आमच्या समुपदेशन केंद्रात टोकावड्याची एक बाई अधूनमधून येई. लुगड्याला हात पुसून घरगुती हिंसाचाराच्या तक्रारीचा कोरा अर्ज मागे.

"भरायचा नाय, ताई. चुलीवर टांगते. तो दिसला का नवरा मारत नाय. जुना धुरानं काळा झाला."

मार्चमध्ये केंद्राचं अनुदान पुढे चालू राहावं म्हणून मी अहवाल लिहीत होते. तक्रारी किती, निकाली किती, एवढेच रकाने. हिला कुठे लिहावं, कळेना. तेवढ्यात तीच आली. तक्रारींचा आकडा कमी आहे, केंद्र बहुधा बंद होईल, असं नवा अर्ज देताना मी तिला सांगितलं.

तिनं अर्ज पदरात बांधला. "बंद झालं तरी नवऱ्याला कळू देऊ नका हां."

मी तिला आणखी चार अर्ज दिले. ते कुठल्या रकान्यात दाखवायचे, मला अजून कळलेलं नाही.