तो गोटा, ती लाट

"आई, आपण दोघी एका बेटावर जाऊ या," मुलगी फोनवर म्हणाली, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एक तर एरवी "आपण दोघे" म्हणणारी ही पोर "दोघी" अगदी बरोबर म्हणाली होती. दुसरं म्हणजे गेल्या तीन वर्षांत तिने मला कोपऱ्यावरच्या कॅफेतसुद्धा नेलं नव्हतं. आणि आता एकदम विमान, बोट, बेट!

लेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझी सव्वीस वर्षं गेली. रक्ताच्या नळ्या यायच्या. नळीवरचं लेबल आणि सोबतचा कागद जुळतो का, ते मी बघायचे. असं काम केलेल्या बाईचा स्वभाव संशयी होणारच. अजूनही कुणी केक दिला तर मी आधी त्याच्या डब्याखालची तारीख बघते.

मिस्टर गेल्यापासून मी घरात एकटी. मुलगी एकुलती एक, क्रॉयडनला राहते. पूर्वी रोज फोन करायची. ऑफिसात कोण काय बोललं, ट्राम किती लेट झाली, भाजीत मीठ कसं जास्त पडलं, सगळं मोडक्यातोडक्या मराठीत. तीन वर्षांपूर्वी ते एकाएकी थांबलं. फोन यायचा, पण "बरी आहेस ना? गोळ्या घेतल्या? ओके, बाय" एवढाच. काय झालं म्हणून विचारलं तर "नथिंग, आई." ताकाला तूर लागू देत नव्हती. मला माझी ती बडबडी पोर परत हवी होती, दुसरं काही नको होतं.

तेव्हा बेटाचं निमंत्रण आलं आणि मी ताडलं, ही मला गोड बोलून घर विकायला लावणार आणि म्हाताऱ्यांच्या एखाद्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवणार. आमच्या बुद्धविहारातल्या एका बाईंना त्यांच्या मुलाने असंच आधी सहलीला नेलं होतं. तरी मी हो म्हटलं. जे काय असेल ते तोंडावर ऐकावं, म्हणून.

बेट उत्तर आयर्लंडच्या अगदी वरच्या टोकाशी आहे. बेलफास्टपर्यंत विमान, मग भाड्याची गाडी, मग बोट. बोटीतून उतरल्या उतरल्या मला ते बेट पटलं नाही. इतकी शांतता मला सहन होत नाही, कुणीतरी आत्ता इथे बोलत होतं आणि आपण आल्यावर गप्प झालं असं वाटतं. पाण्याच्या कडेला सील लोळत होते आणि मान वर करून आमच्याकडे टक लावून बघत होते. इथलं दीपगृहही उलटं आहे म्हणे, दिवा खाली आणि राहायच्या खोल्या वर. म्हटलं, बरोबर ठिकाणी आणलंय मला.

गेस्टहाउसच्या बाईंनी दार उघडलं आणि मुलीला बघून त्यांचा चेहरा फुलला. "बॅक अगेन, लव्ह! हाउज युअर अदर हाफ?"

"ग्रेट, थँक्स," मुलगी घाईने म्हणाली आणि माझी बॅग उचलून जिना चढायला लागली. तिचे कान लाल झाले होते.

म्हणजे ही इथे आधी येऊन गेली होती, आणि तीही कुणा जोडीदाराबरोबर. कोण हा तो, कुठला, काय करतो, मला का सांगितलं नाही? खोलीत गेल्यावर मी विचारलं, "तू इथे कधी आली होतीस गं?" तर म्हणाली, "आई, उद्या वॉकला गेल्यावर बोलू. प्लीज." मग मला वाटलं, घर विकायची अक्कल त्यानेच दिली असणार.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी आम्ही निघालो. वाट कुरणांतून जात होती, दोन्ही बाजूंना दगडी कुंपण, पलीकडे गाई. अर्ध्या तासाने समुद्राकडे उतरलो. वाळू औषधालाही नाही, सगळा किनारा गोट्यांचा. पांढरे गोटे, काळे गोटे, काही बटाट्याएवढे, काही चिंचोक्याएवढे. लाट मागे सरकली की ते सगळे एकमेकांवर घासत खाली घरंगळायचे आणि हळू आवाजात कुजबुज केल्यासारखं व्हायचं. मला तीही कुजबुज आवडली नाही.

"आई, बघ केवढी लाट आली!" मुलगी म्हणाली. मग वाकून, "हा गोटा किती गुळगुळीत आहे." मग, "लहान आहे ना हे बेट?"

मी जागच्या जागी थांबले. इथे जन्मलेल्या या पोरीचं तो-ती-ते यांच्याशी लहानपणापासून वाकडं. तो खुर्ची, ती पंखा, ते पोळी. मी दर वेळी दुरुस्त करायचे, पाहुण्यांसमोरसुद्धा. तिची मराठी टिकायला हवी, हा माझा हट्ट. पस्तीस वर्षं जे जमलं नाही, ते आता एका दमात तीनदा बरोबर! हिला शिकवतंय कोण? तो पुण्याचा असणार, असं मला वाटलं आणि संशयाबरोबर थोडा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

ती सील बघायला पुढे खडकांवर गेली. तिची सॅक माझ्याजवळ होती. मी चहाचा थर्मास काढायला हात घातला आणि हाताला एक वही लागली. उघडायला नको होती. उघडली. पानापानावर तीन रकाने आखलेले होते, वर तो, ती, ते, आणि खाली पहिलीतल्या मुलासारख्या गोलगोल अक्षरात शब्द. दगड, वारा, गोटा. लाट, वाट, सावली. बेट, घर, दार. शेवटच्या पानावर रकाने नव्हतेच. तिथे नुसतं ती, ती, ती, पान भरेपर्यंत.

माझी नजर "घर" या शब्दावरच अडकली. कुठेतरी पाणी मुरत होतं ते हेच, असं मला वाटलं.

"आई! व्हॉट आर यू डूइंग?" ती परत आली होती.

"तूच सांग काय चाललंय ते!" मी वही नाचवत ओरडले. "माझं घर विकायचंय ना? मराठी घोटून घोटून मला पटवायचंय? त्याला सांग तुझ्या, मी जिवंत आहे तोवर ते घर जाणार नाही!"

ती आधी गोंधळली. "कुठला घर?" म्हणाली. मग स्वतःच "कुठलं" अशी दुरुस्ती केली. मग खाली बसली, थेट गोट्यांवर, आणि मला हाताला धरून बसवलं.

"मला एक वाक्य बोलायचं आहे," ती म्हणाली. "वर्षभर प्रॅक्टिस केली आहे. क्लास लावला ऑनलाइन. तू मध्ये करेक्ट नको करू. प्रॉमिस?"

मी मान हलवली. तिने एक पांढरा गोटा उचलून माझ्या हातात ठेवला. "तो गोटा. बरोबर?"

"बरोबर."

पाण्याकडे बोट दाखवलं. "ती लाट. बरोबर?"

"बरोबर."

"ते बेट. म्हणजे मला आता येतं. हो ना?" ती माझ्याकडे वळली. "मग ऐक. माझं एकीवर प्रेम आहे. ती मला आवडते. ती."

माझ्या ओठांवर "तो" आलाच होता. सवयीने. तोंड उघडं राहिलं, आणि त्या उघड्या तोंडानेच मला तीन वर्षांपूर्वीची दुपार आठवली. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. ही दारात उभी राहून म्हणाली होती, "आई, ती मला खूप आवडते." आणि मी मागे वळूनसुद्धा न बघता म्हटलं होतं, "तो म्हणावं गं. तो आवडतो. कधी शिकणार तू?" ती दारातूनच परत गेली. माझ्या पोरीने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

लॅबमध्ये पहिल्या दिवशी एक नियम शिकवतात. लेबल चुकल्यासारखं वाटलं तर ते आपल्या हाताने बदलायचं नाही. वॉर्डला फोन करायचा, विचारायचं. सव्वीस वर्षांत मी तो नियम एकदाही मोडला नाही. घरात मात्र मी विचारलं नाही, सरळ खोडून टाकलं. गेस्टहाउसच्या बाईंच्या "अदर हाफ"लाही मी माझ्या मनानेच मिशा चिकटवल्या होत्या.

मला लाज वाटली. भीतीही वाटली, विहारातले लोक काय म्हणतील, हा विचार त्या क्षणीसुद्धा आला आणि त्याचीही लाज वाटली. रागही आला, तिचा नाही. तीन वर्षं माझी पोर एका अक्षरासाठी गप्प बसली होती आणि मग ते अक्षर पक्कं करायला क्लासला गेली होती. माझ्याकडे यायचं सोडून क्लासला!

"कुठे असते ती?" मी शेवटी विचारलं.

"पलीकडच्या किनाऱ्यावर आहे. आत्ता. हार्बरला थांबली आहे." तिने फोन घट्ट धरला होता. "तीनच्या बोटीने आपण पोचू. तुला नको असेल तर मी मेसेज करेन, ती निघून जाईल. तुला दिसणार पण नाही."

"या वाऱ्यात?" मी म्हटलं. "त्या पोरीला सकाळपासून असं वाऱ्यात उभं केलंयस? आणि तिला परत पाठवायला निघालीस? हे शिकवलं मी तुला?"

मुलगी हसायला लागली आणि रडायलाही. मी तिचं नाक माझ्या ओढणीने पुसलं, ती सहा वर्षांची असताना पुसायचे तसं. मग आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. चहा गार झाला होता. ती बोलायला लागली आणि बंदरापर्यंत थांबली नाही. ती कुठली, नर्स आहे, तिला तिखट सोसत नाही, पण पिठलं आवडतं. तो-ती-ते सगळं पुन्हा एकमेकांत मिसळायला लागलं होतं. मी खिशातला गोटा चाचपत ऐकत होते.

धक्क्यावर आम्ही अर्धा तास आधीच पोचलो. मी केस नीट केले, ओढणी सारखी केली. समुद्रात लांबवर एक ठिपका दिसला, मोठा व्हायला लागला. मुलगी माझा हात ओढत टाचा उंचावून बघत होती.

"आई, बघ! बोट आला!"

मी तिच्याकडे बघितलं.

"हो गं," मी म्हटलं. "आला."