भीड

आमचे सीए कुलकर्णी सर काल स्वतःच्याच ऑफिसात पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले होते. समोर सीएंच्या संस्थेने पाठवलेल्या एक तरुण सीए बाई फाइल चाळत होत्या. हिशेब तपासणाऱ्यांचं कामही असं तपासलं जातं, हे मला ठाऊक नव्हतं. मी दाराशी बाकावर थांबलो होतो.

"सर, या कंपनीच्या गोदामातला माल तुम्ही स्वतः पाहिलात?"

इतकी वर्षं प्रश्न सरांनी विचारायचे आणि आम्ही दुकानदारांनी चाचरायचं. सरांनी चष्मा पुसला.

"नाही. मालक जुने, ओळखीचे. गोदाम उघडा म्हणायची भीड वाटली."

"तसं लिहावं लागेल."

"लिहा."

मला वाईट वाटलं. पण ताळेबंदावरच्या सहीमागे भीड आली, की त्या सहीवर विसंबलेल्या परक्या माणसांनी जायचं कुठे? म्हणूनच संस्था अनोळखी माणूस धाडत असावी. उद्या त्या बाईंनाही कोणी विचारेल, आणि संस्थेलाही विचारणारं कोणी असेलच. असायला हवं.

बाई गेल्या. सर आपल्या खुर्चीत परतले नाहीत. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुमच्या गोदामाची किल्ली आणलीय का?"

इतक्या वर्षांत त्यांनी ती कधीच मागितली नव्हती.