गोडातली दालचिनी

गोडात दालचिनी घालतात, असं मला लग्नाआधी कोणी सांगितलं असतं, तर पित्त झालंय म्हणून मी त्याला कोकमाचं पाणी पाजलं असतं. दालचिनी मटणात. फार तर मटणाच्या भातात. आमच्याकडे, रत्नागिरीच्या खाडीकाठी, रोजची मासळी. बकरं कापायचं ते ईदला, लग्नाला, नाहीतर घरचा माणूस दर्यावरून सुखरूप परत आला तर. तेव्हाच दालचिनी डब्यातून बाहेर निघायची, आणि ती तव्यावर पडली की मोहल्ल्यात सगळ्यांना कळायचं, आज कोणाकडे तरी मेजवानी आहे. एवढं लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

पन्नास साल नुकतंच मागं पडलं होतं. माझं लग्न नवं, आणि नवरा बहुतेक वेळ समुद्रावर. मालवाहू जहाजावर होते. जहाजाचं सुकाणू धरतात, असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सासरे स्वतः जुने तांडेल, उभा जन्म गलबतं हाकलेली. ते ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, "माझ्या पोराच्या हातात अख्खं जहाज हाय!" मीही माहेरी तेच सांगितलं होतं, जरा तिखटमीठ लावून.

तर त्या हिवाळ्यात हे मुंबईहून बोटीनं घरी आले. मी दिवसभर खपून सांदणं केली होती. काकडीची नव्हे, फणसाचा आटवलेला रस घालून, हात मोडेपर्यंत तांदूळ दळून. ह्यांनी दोन खाल्ली, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "चांगली झालीत. पण तिकडं स्पेनच्या एका बंदरात एक चीज खाल्ली, काय सांगू! पिठाच्या लांब लांब कांड्या, तळलेल्या. वरून साखर आणि दालचिनी. बाहेरून कुरकुरीत, आत लुसलुशीत."

"दालचिनी?" सासूबाई ओरडल्या. "तोबा! उद्या बांगड्यात साखर घालशील!"

मी मात्र वेगळंच विचारलं. "केलं कोणी होतं?"

"होतं कोणीतरी," हे म्हणाले, आणि ताटात बघून हसले.

ते हसू मला झोंबलं. बायकोनं केलेली सांदणं समोर, आणि हा माणूस ताटात बघून कोणाला आठवून हसतोय? तळपायाची आग मस्तकात गेली. मी लागलीच मनात तिचं चित्र काढलं. गोरी, घाऱ्या डोळ्यांची, हातात झारा, आणि झारा हलवताना उगाच मान वेळावणारी. आजही डोळ्यांपुढं आणली तर झिंज्या उपटाव्याशा वाटतात.

त्यात हे गप्प बसले असते तर ठीक. पण रोज तेच. सकाळी घावन वाढलं की, "त्या कांड्या बरोबर असत्या तर!" संध्याकाळी चहा दिला की, "चहात बुडवायला काय मजा येते!" मी ठरवलं, ही कांडी मीच करणार. त्या घारीपेक्षा चांगली करणार. ह्यांना परत बोटीत बसायच्या आत ती चव विसरायला लावणार. पुन्हा दर्यावर गेल्यावर गोडाची आठवण आली तर माझ्या हातची यायला पाहिजे, नाहीतर मी लग्न केलं कशाला?

करणार तर होते, पण कसं? गव्हाचं पीठ घट्ट मळलं, शंकरपाळ्यांना मळतात तसं, आणि दालचिनी पिठातच घातली. खोबरेलात तळल्यावर जे निघालं त्यानं कुत्र्याला हाणता आलं असतं. सासूबाईंनी एक तुकडा दाताखाली धरला, काढला, आणि निरखून बघत म्हणाल्या, "माझा दात हाय की कांडीचा तुकडा, तेवढं बघते गो."

मग वाटलं, साखर आधीच लावून तळावी. साखर कढईत करपली आणि तेल काळं झालं. साखर तेव्हा सुखासुखी मिळत नव्हती, त्यामुळे सासूबाईंचा डोळा माझ्यावर आणि बरणीवर आळीपाळीनं. हे दारात उभे राहून चाखायचे आणि मान हलवायचे. "नाय. तशी नाय."

"मग कशी?" मी विचारायची.

हे काहीतरी सांगायला तोंड उघडायचे, मागं ओटीवर बसलेल्या बावांकडं, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडं, बघायचे, आणि तोंड मिटायचे. एकदा तर मी झारा आपटून म्हटलं, "जिला येते तिच्याकडंच जा मग!" हे बिचारे गोंधळून विचारतात, "कोणाकडं?" किती तो साळसूदपणा!

एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "दालचिनीच कच्ची लागते. भाजून कूट, बघू." एरवी नावं ठेवायच्या, पण सून हरतेय म्हटल्यावर त्यांचाही जीव कळवळला असावा. मी डब्यातली होती नव्हती ती सगळी दालचिनी तव्यावर टाकली. छान खमंग भाजली. वारा खाडीकडून मोहल्ल्याकडं वाहत होता.

पहिली आली शेजारची खाला. हातात वाटी. "विरजण हाय काय गो थोडं?" विरजण घेतलं, पण गेली नाही, ओटीच्या पायरीवर टेकली. मागून सासऱ्यांचे एक जुने सोबती आले, "पोराला बघून जावं म्हटलं." हे बोटीवरून उतरले त्याच दिवशी ते बघून गेले होते! मग एक चाचा, त्यांची बायको, पाठोपाठ पोरंटोरं. ओटी भरली. शेवटी खालाला राहवेना. "पोरगा आला, बकरं कापलंत, आणि शेजाऱ्याला सांगावासुद्धा नाय? आम्ही काय परके?"

सासऱ्यांना स्वयंपाकघरात काय शिजतंय याचा पत्ता नव्हता. वास त्यांनाही आला होता, आणि आपल्याला न विचारता घरात बकरं कापलं गेलं यावर त्यांचा मनातून विश्वासही बसला होता. शिवाय तांडेलाच्या ओटीवरून माणूस उपाशी जातो म्हणजे काय! ते दणक्यात म्हणाले, "बसा! खाऊनच जायचं!"

आत आम्ही सासूसुना एकमेकींकडं बघतोय. चुलीवर घरापुरतं बांगड्याचं कालवण. भाजलेली दालचिनी. आणि परातीत माझं ते दगडासारखं पीठ. मला रडूच कोसळलं. लोकांचं काय, लोक जेवले काय, नाही जेवले काय! मला एवढंच दिसत होतं की आता सगळ्यांसमोर माझी फजिती होणार, हे बघणार, आणि मनात म्हणणार, ती असती तर...

तेवढ्यात हे आत आले. आमच्या घरात पुरुष चुलीपाशी येत नसत. पाणी हवं असलं तरी उंबऱ्याबाहेरून हाक मारायची. ह्यांनी आत येऊन दार लोटलं, बाह्या सरसावल्या, माझं पीठ बाजूला सारलं, आणि पातेल्यात पाणी चढवलं.

"अगो, उकड काढायची याची," हळूच म्हणाले. "तांदळाच्या भाकरीला काढतेस तशी."

उकड! लहानपणापासून मी भाकरीची उकड काढतेय. एवढं एक सांगायला या माणसाची जीभ झडली होती काय? मी काही बोलणार तेवढ्यात त्यांचे हात चालायला लागले आणि माझं तोंड उघडंच राहिलं. पाण्याला उकळी, चिमूट मीठ, चमचाभर तूप, वरून पीठ एकदम, आणि लाकडी पळीनं घोटाई. एक गुठळी नाही. हाताला तेल लावून कांड्या वळल्या त्या सगळ्या सारख्या. तेल तापलं का ते पिठाचा ठिपका टाकून बघितलं. कढईच्या काठावर झारा दोनदा आपटायचा, मग निथळायचा. तळलेलं सुपात घेतलं, वर साखर आणि कुटलेली दालचिनी, आणि तांदूळ पाखडावेत तसं सूप हलवलं. एका हातानं ओटा पुसत, दुसऱ्यानं पुढचा घाणा सोडत, भान विसरून मोठ्यानं म्हणाले, "ताट!"

सासूबाईंनी दचकून ताट पुढं केलं.

असं ताट मागायची सवय सुकाणू धरून लागत नाही. मी त्यांच्याकडं बघत राहिले. हे वरमले.

"भंडाऱ्याच्या हाताखाली असतो," हे पुटपुटले. "जहाजाचा स्वयंपाकी. सुकाणू मी लांबूनसुद्धा बघितलेलं नाय. बावांना सांगू नका."

"मग त्या कांड्या?"

"बंदरात एक दाढीवाला म्हातारा तळायचा. त्याच्याकडं बघून शिकलो."

दाढीवाला म्हातारा! माझी ती घारी क्षणात बुडाली, आणि मी पदर तोंडात कोंबून अशी हसले की सासूबाईंनी पाठीत धपाटा घातला.

ताटं बाहेर गेली. आधी सगळ्यांची तोंडं उतरली, कारण आशा मटणाची होती. मग कुरकुर आवाज सुरू झाले ते थांबेनात. खालानं तर विरजणाची वाटी रिकामी करून तीत कांड्या भरून घेतल्या. "सुनेच्या हाताला चव हाय हो," सगळे म्हणाले. सासरे फुशारले. हे बाहेर गेले तसं सासऱ्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि दुसरीकडं मान वळवून म्हणाले, "कोपराला पीठ लागलंय. झटक." बस्स. पुढं कधी ते त्यावर बोलले नाहीत. मात्र त्या दिवसापासून ओटीवरची वाक्यं जराशी बदलली. "पोराशिवाय जहाज हलत नाय," असं म्हणायला लागले.

सगळे गेल्यावर भांडी आवरताना मी ह्यांना धरलं. "येत होतं, तर रोज नुसतं गुणगान कशाला? माझा जीव घेतलात."

हे उंबऱ्याबाहेर उभे होते, नेहमीसारखे. म्हणाले, "तुला खायला घालायचं होतं. पहिल्यांदा खाल्लं तेव्हाच मनात आलं, हिला द्यायला पाहिजे. पण आपल्या घरात मी चुलीपाशी बसणार कसा? म्हटलं, बोलत राहिलो तर तूच करशील, आणि करशील तर खाशील."

म्हणजे ताटात बघून हसले होते ते मला आठवून. मी समोर बसलेली असताना!

मग मला कोनाड्यातली पालथी वाटी दाखवली. तिच्याखाली एक कांडी, माझ्यासाठी झाकून ठेवलेली. एवढ्या गर्दीत कधी ठेवली कोण जाणे. मी तिथंच उभ्यानं खाल्ली. हे लहान पोरासारखे माझ्या तोंडाकडं बघत होते.

खरं सांगू? मला नाही आवडली. गोडात दालचिनी ती दालचिनीच, प्रत्येक घासाला मटण आठवतं. आजही माझं तेच मत आहे. पण त्यानंतर हे जेव्हा जेव्हा बोटीवरून उतरले, तेव्हा तेव्हा आम्ही स्वयंपाकघराचं दार लोटलं. मोहल्ल्याला वाटायचं, नवराबायकोचं भारीच गूळपीठ आहे. आत हे तळायचे आणि मी खायची, आणि "कशी झालीय?" म्हणून विचारलं की मी म्हणायची, "अजून एक द्या."