चिठ्ठीताईचं वाचन

"दातांच्या डबीत! अगं, लोकांच्या कवळ्या ज्या डबीतून जातात, त्या डबीत गांजा!" नवरा बायकोला हे तिसऱ्यांदा सांगत होता, आणि दर वेळी त्याचा आवाज एक पायरी वर चढत होता.

"रिकामी डबी होती ती," मुलगी म्हणाली.

"ऐकलंस? रिकामी होती म्हणे! म्हणजे उपकारच झाले."

"अहो, हळू बोला. दार उघडं आहे," आई म्हणाली.

"या घराचं दार बंद कधी असतं?"

नवरा बस चालवायचा. रस्त्यात कुणी आडवं आलं की हॉर्न आणि ब्रेक या दोनच गोष्टी त्याला सुचत, आणि घरातही तो या दोन्हींवरच भागवत असे. हॉर्न वाजवून झाला होता. आता त्याने ब्रेक दाबला.

"रविवारी सकाळच्या गाडीने आत्याकडे. तिथे ना ती लॅब, ना ते मित्र. वर्षभर राहील, येईल ताळ्यावर."

मुलगी बावीस वर्षांची. दोन वर्षं कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये नुसतं प्लास्टर कालवून आणि साचे घासून आत्ता कुठे तिला समोरचे दात लावायचं काम मिळालं होतं. लॅबवाल्याने स्वतःचा चिमटा तिच्या हातात दिला, त्या दिवशी ती घरभर नाचली होती. वर्षभर गेली असती तर तो चिमटा दुसऱ्या कुणाच्या हातात गेला असता. हे तिघांनाही ठाऊक होतं. मुलगी नखातलं प्लास्टर उकरत राहिली.

"आधी डॉक्टर," आई म्हणाली.

"डॉक्टर काय करणार? ताप आलाय का तिला?"

"तीन आठवडे द्या. नाही जमलं तर मीच तिची बॅग भरते."

नवरा कबूल झाला. औषधपाण्याच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा, हे घरातच काय, अख्ख्या इमारतीत सगळ्यांना मान्य होतं.

लग्नाआधी आणि नंतर मिळून अकरा वर्षं ती औषधांच्या दुकानात काउंटरला उभी होती. पाय सुजायला लागले तेव्हा काम सुटलं, पण एक विद्या अंगात राहिली. कुठल्याही डॉक्टरचं अक्षर तिला वाचता यायचं. मुंगी शाईत बुडून कागदावरून चालत गेल्यासारखं असलं तरी. पहिल्यांदा खालच्या मजल्यावरचे मास्तर आले, मग मास्तरांचं बघून सगळेच येऊ लागले. संध्याकाळी माणसं दवाखान्यातून परतली की सात ते नऊ तिच्या बैठकीच्या खोलीत चिठ्ठ्या घेतलेली रांग. "ही जेवणाआधी, ही नंतर, आणि ही गोळी नाही काका, ही डॉक्टरांची सही आहे." लोक तिला चिठ्ठीताई म्हणत. तिच्या हातून एकही चिठ्ठी चुकली नव्हती, आणि हे ती स्वतः कधी सांगत नसे, कारण सांगायची गरजच पडत नसे.

डॉक्टर त्यांचे जुनेच. मुलीला पहिली लस त्यांनीच टोचलेली. खोकला असो, परीक्षेची भीती असो, जायचं त्यांच्याकडेच. चिठ्ठीताईने सगळं घडाघडा सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे. आता तुम्ही बाहेर बसा."

"मी? मी तिची आई आहे."

"म्हणूनच."

ती बाहेरच्या बाकावर वीस मिनिटं बसली. आयुष्यात पहिल्यांदा एका दाराआड काय चाललंय हे तिला कळत नव्हतं. मुलगी बाहेर आली ती फुगलेल्या गालांनी, हातात चिठ्ठी.

"काय म्हणाले?"

"माहीत नाही. मी त्यांची खालची कवळी बघत होते. हलते. कुणी केली कोण जाणे, घाणेरडं काम आहे."

"आणि ते बोलत होते ते?"

"ते म्हणाले, तुझं लक्ष नाही, लिहूनच देतो. घरी जाऊन नीट वाच."

चिठ्ठीताईने कागद उजेडात धरला. दोनच ओळी. दुसरी सोपी होती, 'तीन आठवड्यांनी भेटणे'. पहिलीत 'रोज', मग एक आडवी रेघ, आणि पुढे एक छोटासा शब्द. तिने क्षणभर डोळे बारीक केले.

"रोज, कधी," ती ठामपणे म्हणाली. "म्हणजे रोज कधी ओढतेस ते लिहून ठेवायचं. वेळ टाकून."

"बस? सोड वगैरे नाही?"

"लिहिलंय तेवढं करायचं. आपलं डोकं चालवायचं नाही."

मुलीने लॅबमधलं एक जाड कार्ड आणलं. कुठली कवळी किती वाजता द्यायची ते ज्यावर लिहितात, ते. त्याच्या मागच्या बाजूला दिवसांचे चौकोन आखून ती लिहू लागली. पहिला आठवडा वाईट गेला. ताटं आपटली गेली, वडिलांशी दोनदा भांडण झालं, एकदा तर "तुमच्या बसखाली येईन म्हणजे सुटाल" इथवर मजल गेली. पण कार्ड भरत होतं. ते पर्समध्ये असायचं आणि पर्स खुंटीला. चिठ्ठीताई खुंटीखालून दिवसातून दहा वेळा जायची. गावाच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्या बाईला एवढी एक वाचायची नव्हती, आणि हे तिला फार जड गेलं. तिने वाचली नाही.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं.

"हे काय आहे?"

"तुम्हीच सांगितलं होतं," चिठ्ठीताई म्हणाली. "रोज, कधी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मी 'कमी' लिहिलं होतं, ताई. रोज कमी. चार असतील तर तीन, तीन असतील तर दोन."

चिठ्ठीताईचे कान तापले. अकरा वर्षं काउंटरवर आणि पुढे इतकी वर्षं अख्ख्या इमारतीच्या गोळ्या, आणि चुकावं ते नेमकं पोटच्या पोरीच्या चिठ्ठीत!

"म ला गाठ तरी नीट मारा की हो, ध दिसतो," ती कशीबशी म्हणाली.

डॉक्टर हसले. खालची कवळी हलली. मुलगीही हसली, बऱ्याच दिवसांनी. मग डॉक्टर कार्डावर वाकले आणि हसू थांबलं. "आईला दाखवू का?" त्यांनी मुलीला विचारलं. तिने मान डोलावली.

पहिल्या आठवड्यात दिवसाला चार. सकाळची एक, जेवणाच्या सुट्टीतली एक, संध्याकाळी एक, झोपताना एक. दुसऱ्या आठवड्यात सकाळची गेली, मग दुपारची. "लिहायचं म्हटलं की लाज वाटायची," मुलगी म्हणाली. "प्लास्टर सुकायच्या आत कार्ड शोधा, पेन शोधा, त्यापेक्षा नकोच." शेवटच्या आठवड्यात झोपतानाचीही नव्हती. उरली होती एकच. सात दहा. सात वीस. सात पाच. रोज, न चुकता. फक्त दोन चौकोन कोरे.

"या दोन दिवशी काय झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आईला ताप होता. दार लावलेलं होतं." मुलगी कार्डाकडेच बघत होती. "आम्ही पत्ते खेळलो. मी जिंकले."

"आणि एरवी सातला?"

"एरवी मी येते तेव्हा खोलीत रांग असते. चपला काढायला जागा नसते. आई कुणाचा तरी रक्तदाब वाचत असते. मग मी गच्चीवर जाते." पुढे ती म्हणाली, "कमी कर असं कुणीही म्हणालं असतं. कधी ते कुणी विचारलं नव्हतं."

डॉक्टरांनी कार्ड परत दिलं. "पूर्ण सुटेल का, ते मी आज सांगत नाही. एखाद्या दिवशी घसरशील, तरी ये. पण चाराची एक झाली, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट. या सातच्या एकीवर मात्र माझ्या कपाटात औषध नाही." मग चिठ्ठीताईकडे वळून म्हणाले, "अशी आणखी मुलं येतात माझ्याकडे. त्यांनाही यापुढे 'कधी'च लिहून देतो. चूक तुमची, फायदा माझा."

घरी पोचेपर्यंत सात वाजायला आले होते. बैठकीच्या खोलीत मास्तर खुर्ची अडवून बसलेले, मागे आणखी तिघं. नवरा दारातच उभा, अंगावर अजून कामावरचा शर्ट.

"तीन आठवडे झाले. सुटला का?"

"चाराची एक झाली."

"म्हणजे सुटला नाही. आत्या वाट बघतेय, मी तिला रविवार सांगितलाय."

मुलीचा हात खांद्यावरच्या पर्सवर घट्ट झाला. मास्तरांनी चिठ्ठी पुढे केली, "ताई, तुमचं घरचं होऊ दे, पण ही एवढी..."

चिठ्ठीताईने ती चिठ्ठी घेतली, न वाचता घडी घातली आणि मास्तरांच्या हातात परत ठेवली.

"आत्याला फोन करून सांगा, पोरगी येणार नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि मास्तर, सगळ्यांना सांगा. आजपासून संध्याकाळी चिठ्ठ्या बंद. सातला या घराचं दार लागेल. ज्यांना वाचून हवंय त्यांनी सकाळी यायचं."